तथास्तु न म्हणणारं घर

प्रशांतचा फोन आला तेव्हा मी डाळींच्या बरण्यांना नवी लेबलं चिकटवत होते. मूग आणि मसूर झाली होती, तुरीचं हातात होतं. "काकू, आई गेली," तो म्हणाला. "सकाळी चहा मागितला, मी घेऊन येईपर्यंत..." पुढचं त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फोन ठेवून मी तुरीचं लेबल चिकटवलं, सरळ बसलंय का ते पाहिलं, आणि मग रिक्षा करून चिखलोलीला गेले. हे लाजेने लिहीत नाही. माझा स्वभाव आधी कळावा म्हणून लिहिते आहे. काही कोसळलं की मी हातातलं काम नीट संपवते. एकदा या स्वभावापायी मी माझी मुलगी गमावणार होते, आणि ती ज्यांच्यामुळे राहिली त्या प्रशांतच्या आई, सुमनताई गायकवाड, सात आठवड्यांपूर्वी गेल्या.

जलदानाचा, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीचा, कार्यक्रम प्रशांतच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत झाला. भंतेंनी वंदना घेतली, पांढऱ्या साड्यांतल्या बायका रांगेने मेणबत्त्या लावून गेल्या. मग प्रशांतने माईक माझ्या हातात दिला. मी म्हणाले, सुमनताई अतिशय मनमिळाऊ, मदतीला धावून जाणाऱ्या शेजारीण होत्या. आणि खाली बसले. संध्याकाळी मेलबर्नहून मंजिरीचा, माझ्या मुलीचा, फोन आला.

"काय बोललीस तिथं?"

मी सांगितलं.

"आई, हे कुणाच्याही शोकसभेत चालेल."

"मग काय सांगायला हवं होतं?"

"खरं."

"त्यात तुझं नाव येईल, मंजू."

"येऊ दे. चव्वेचाळीस वर्षांची आहे मी." मग म्हणाली, "आणि इराला वाचायला मिळेल."

म्हणून हे वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून येणार असलं तरी मी ते इरा आणि ईशान या माझ्या दोन नातवंडांसाठी लिहिते आहे. ईशान, तू दहा वर्षांचा आहेस, तुला यातलं थोडंच कळेल, राहिलेलं नंतर वाच. इरा, तू पंधरा वर्षांची आहेस. दोन महिने झाले, तू शाळेत जेमतेम जातेस, आणि मी फोनवर काहीही विचारलं तरी मराठीत म्हणतेस, "ठीक आहे, आजी." तुझी आई हे तुला का वाचून दाखवते आहे, ते तुला माहीत आहे.

अंबरनाथ पूर्वेला आमची तीन मजल्यांची इमारत आहे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, गायकवाड तळमजल्यावर. तुमचे आजोबा फॅक्टरीत अधिकारी होते, सुमनताईंचे मिस्टर दुसऱ्या एका कंपनीत फिटर. मी एम.ए. इंग्रजी करून एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या रेकॉर्ड विभागात होते. सदतीस वर्षं मी फायली लावल्या आणि एकही फाईल चुकीच्या कप्प्यात गेली नाही, असा माझा लौकिक होता. सुमनताई जांभूळला पाणी शुद्ध करायच्या केंद्रात, प्रयोगशाळेत. पहाटे गाडी यायची, दुपारी साडेतीनला सोडायची. आम्ही एकमेकींना जिन्यात भेटायचो. मी त्यांना "गायकवाडबाई" म्हणायचे, त्या मला "मंजूच्या आई". एका जिन्यात राहून त्यांच्या घरचा चहा प्यायला मी पाच वर्षं लावली. कारण काही नाही, वेळच मिळत नाही, असं मी म्हणत असे. कारण होतं. तुम्ही तिकडे वाढलात, तुम्हाला ते समजावून सांगावं लागेल, आणि समजावताना मला बरं वाटणार नाही. पण मंजू मात्र लहानपणापासून त्यांच्या घरात असायची. तिला ते कारण ठाऊक नव्हतं.

दहावीला मंजूला नव्वदच्या पुढे टक्के पडले. उल्हासनगरच्या कॉलेजात अकरावी सायन्सला गेली. दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत होतं, किंवा मला तसं दिसत होतं. मग ती केस धुईनाशी झाली. कॉलेजला जाते म्हणून निघायची आणि अर्ध्या तासात परत यायची. जर्नलं कोरी. पलंगाच्या कडेला बसायची ती तासभर तशीच, एका पायात चप्पल, एक पाय उघडा. मी विचारलं, कुणी काही बोललं का, कुणाशी काही आहे का, डोकं दुखतं का. "नाही." मी काय करावं? मी वेळापत्रक केलं. पांढरा कार्डशीट, तीन रंगांची स्केचपेनं. साडेपाचला उठणे, पावणेसहा ते सात फिजिक्स, आणि संध्याकाळी सहा ते साडेसहा, "वाचन (आवडीचे)". कपाटाच्या दारावर चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून चिकटवलं. ती त्याच्याकडे बघत बसायची. मला वाटायचं, वाचते आहे.

जानेवारीतल्या एका रविवारी मी वाळलेले कपडे घड्या घालत होते. ती मागे पलंगावर होती. म्हणाली, "आई, मी नसते तर तुला किती सोपं झालं असतं."

मी मागे वळले नाही. म्हणाले, "अभद्र बोलू नकोस. वास्तू तथास्तु म्हणते."

इरा, ईशान, हे तुम्हाला माहीत नसेल. आपल्याकडे म्हणतात की घरात एक वास्तुपुरुष असतो आणि तो दिवसभर "तथास्तु, तथास्तु" म्हणत असतो, म्हणजे "तसंच होवो". आपण वाईट बोललो आणि नेमकं तेव्हाच त्याचं तथास्तु पडलं, तर ते खरं होतं. म्हणून घरात वाईट बोलायचं नाही. माझा यावर विश्वास होता का? मुळीच नव्हता. ते वाक्य माझ्या आईचं, तिच्या आईचं. घाबरलेल्या बाईच्या तोंडात ते आपोआप येतं. त्याची सोय अशी की बोलणाऱ्याचं तोंड बंद होतं आणि आपल्याला ऐकावं लागत नाही.

"सॉरी," मंजू म्हणाली. मी टॉवेलची घडी पुरी केली.

त्यानंतर महिनाभर ती माझ्याशी तीनच शब्द बोलली असेल. हो, नाही, जेवले. मी तुमच्या आजोबांना म्हणाले, शांत झालीये आता, अभ्यासाला लागेल.

मग फेब्रुवारीतल्या एका दिवशी ऑफिसात मला काही सुचेना. कारण सांगता येणार नाही. साहेबांना डोकं दुखतंय सांगून चारला निघाले. घरी आले तर दाराला बाहेरून कडी. आत कुणी नाही. मंजूचे सँडल दारात. आजोबा दुसऱ्या पाळीला. मी आधी खाली गेले नाही. मी आधी गच्चीवर गेले. एवढंच सांगते... आणि पुढे जाते. गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या. मी एकेक चादर बाजूला करून पाहिली. कुणी नव्हतं. कठड्यावरून खाली पाहायला मला किती वेळ लागला ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. खाली एक स्कूटर उभी होती, बाकी काही नाही.

मग मी कठडा धरून जिना उतरले. तळमजल्यावर आले तर गायकवाडांचं दार उघडं, आणि आतून सुमनताईंचा आवाज.

स्वयंपाकघरात दोघी जमिनीवर बसल्या होत्या, भिंतीला टेकून, शेजारी शेजारी. एकमेकींकडे तोंड नव्हतं, दोघी समोरच्या ओट्याकडे बघत होत्या. मध्ये एक परात, परातीत लसूण. मंजूच्या हातात पाकळी होती. मी दारात पोचले आणि नेमकं तेव्हा, मीठ घालू का विचारावं तशा आवाजात, सुमनताईंनी विचारलं, "मंजू, जीव द्यावासा वाटतो का गं तुला?"

मी घाबरले की आवाज चढवते. "काय बोलताय हे गायकवाडबाई? लेकरासमोर? भरल्या घरात असलं... वास्तू तथास्तु म्हणते."

त्या उठल्या नाहीत. माझ्याकडे वर पाहिलं फक्त. "आमच्यात नाही म्हणत. या घरात तथास्तु म्हणणारं कोणी नाही, मंजूच्या आई. इथं काय पण बोललेलं चालतं. बसा तुम्ही पण. ही घ्या, लसूण सोला." आणि मंजूकडे न बघता, "बोल गं तू."

मंजू म्हणाली, "हो."

"रोज वाटतं?"

"रोज नाही. सकाळी जास्त."

"काही ठरवलंयस का?"

"नाही." मग, पाकळी परातीत टाकत, "अजून."

ते "अजून" ऐकून मी खाली बसले. साडीच्या निऱ्या परातीत गेल्या. सुमनताईंनी त्या उचलून बाजूला केल्या आणि मंजूला म्हणाल्या, "सांगितलंस, बरं केलंस. ही एवढी कांडी संपव, मग चहा करते." त्यांचा आवाज तसूभरही हलला नव्हता. हात मात्र हलत होता, ते मी पाहिलं, कारण माझी नजर दुसरीकडे कुठे ठेवावी ते मला कळत नव्हतं. मी सात पाकळ्या सोलल्या. त्या घरचा पहिला चहा मी त्या दिवशी प्यायले.

मंजू प्रशांतला गणित सांगायला आतल्या खोलीत गेली तेव्हा सुमनताई हळूच म्हणाल्या, "उद्या मी सुट्टी टाकते. उल्हासनगरला डॉक्टर आहेत, डोक्याचे."

"डोक्याचे म्हणजे..."

"डोक्याचे म्हणजे डोक्याचे. पोट दुखलं की पोटाचे."

"आणि तिथं अंबरनाथचं कुणी भेटलं तर?"

"तर त्यांना विचारा, तुम्ही कशाला आलात."

दवाखाना एका साडीच्या दुकानावर होता. अरुंद जिना, वर चार खुर्च्या, टेबलाशी एक वयस्क सिंधी बाई. मी फॉर्मवर नाव लिहिताना घुटमळत होते. त्या बाईंनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. डब्यातून भाजलेला पापड काढला, पाण्याचा ग्लास भरला आणि मंजूसमोर धरला. "आओ बेटी, पहले पापड-पानी. बाद में बातें." मंजूने अर्धा पापड खाल्ला. कुणी मागे न लागता तिने काही खाल्लं असं कितीतरी दिवसांनी होत होतं. डॉक्टरांनी आधी तिला एकटीला आत घेतलं, मग मला. औषधं दिली, दर आठवड्याला बोलायला यायला सांगितलं, घरातल्या कोणत्या वस्तू कुलपात ठेवायच्या ते सांगितलं, काही आठवडे तिला एकटी सोडू नका म्हणाले. मी विचारलं, शेजारच्या बाईंनी तिला सरळ विचारलं, तसं विचारल्याने ते डोक्यात शिरणार नाही ना? ते म्हणाले, "पूछने से नहीं होता, मॅडम. न पूछने से..." आणि पेनाला टोपण लावलं.

घरी येऊन मी नवी फाईल केली. प्रिस्क्रिप्शन, पावत्या, पुढच्या भेटीच्या चिठ्ठ्या, सगळं तारीखवार. आणि पाठीवर लेबल लावलं, "मंजिरी – त्वचा". कुणी पाहुणं कपाट उघडेल, नजर पडेल. माझ्या आयुष्यातलं चुकीचं लेबल हे एकच, आणि ते मी समजून उमजून लावलं. मंजूने ते वाचलं. कपाटाचं दार लावलं.

सुमनताईंचं रोज सुरू झालं. साडेतीनला सुटून चारला घरी येत, हातपाय धुत, परात घेऊन बसत. एवढा लसूण कुठून? मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, केंद्रावर बायकांना चटणी करून देते, सगळ्यांना सांगून ठेवलंय, आपापला लसूण आणून द्या म्हणून. मंजू खाली जायची. अकरा-बारा पाकळ्या झाल्या की तोच प्रश्न, त्याच शब्दांत. मंजू "हो" म्हणाली की त्या म्हणत, "बरं." मग सकाळपेक्षा जास्त की कमी, औषध घेतलं का. बस. मग प्रशांतने शाळेत कुणाचा डबा खाल्ला, कुणाला कसा मार पडला, असलं काहीतरी.

मला ते सोसेना. एकदा जिन्यात मी त्यांना गाठलं. "रोज कशाला विचारायचं? एखाद दिवस जरा बरी असते, तेव्हा कशाला आठवण करून द्यायची?"

"तिला आठवण मी करून देते असं वाटतं तुम्हाला?" त्या पायरीवर टेकल्या. "आमच्याकडे दर तासाला पाणी तपासतात, मंजूच्या आई. मगाशी चांगलं होतं म्हणून आता चांगलंच असणार, असं धरून चाललो तर आख्ख्या गावाला जुलाब होतील. आणि खराब निघालं तर पाण्यावर ओरडत नाही आम्ही. वहीत लिहितो, दवा टाकतो, परत तासाने बघतो."

होळीच्या पुढेमागे कधीतरी मंजू पहिल्यांदा म्हणाली, "आज नाही वाटलं." मी दारात होते. मला तिथेच रडू फुटलं. सुमनताई म्हणाल्या, "बरं. ही कांडी घे." नंतर मी त्यांना म्हणाले, पेढे आणते. म्हणाल्या, "आणू नका. उद्या हो म्हणाली तर पेढे परत मागणार का तिच्याकडून?" दुसऱ्या दिवशी मंजू हो म्हणाली. तिसऱ्या दिवशीही. सुमनताईंचं "बरं" आदल्या दिवसाइतकंच होतं, ना उंच ना खाली. पेढे आणले असते तर ती त्या दिवशी खोटं बोलली असती, हे मला फार उशिरा कळलं. माझ्यासमोर ती आयुष्यभर टक्केच तर आणत आली होती.

एप्रिलमध्ये सुमनताईंच्या सासूबाई साताऱ्याकडे आजारी पडल्या. निघताना त्या वर आल्या, परात माझ्या हातात दिली. "तीन दिवस तुम्ही."

"मला नाही जमायचं."

"चटणी करायला नाही सांगत आहे."

मी रजा काढली. चार वाजता जमिनीवर बसले, मंजू शेजारी बसली. पाच पाकळ्या, दहा, वीस. घर माझं होतं, छतापर्यंत माझ्या आईचं वाक्य भरलेलं. शेवटी मी विचारलं, आणि इंग्रजीत विचारलं. चांगलं, व्याकरणशुद्ध वाक्य. अशा विचारांची तीव्रता गेल्या काही दिवसांत कमी झाली आहे का, अशा अर्थाचं. ऑफिसच्या पत्रात शोभलं असतं.

मंजू परातीकडे बघत म्हणाली, "आई, मराठीत विचार."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीला किक मारत होतं, गाडी सुरू होत नव्हती. मी त्या किका ऐकत राहिले. मग मी विचारलं. सुमनताईंचे तेच शब्द, जीव द्यावासा वाटतो का तुला. विचारताना मी तिच्याकडे पाहिलं नाही, ओट्याकडे पाहिलं. आणि कान मात्र वर छताकडे लागले होते, हे कबूल करते... कुणी काही म्हणालं नाही.

"हो," मंजू म्हणाली. "पण आज थोडंच."

"बरं," मी म्हणाले. आणि मग जे सुमनताईंनी कधीच केलं नव्हतं ते केलं, लसणाच्या हातांनी तिचं डोकं ओढून छातीशी धरलं. "आई, वास," ती म्हणाली. पण डोकं काढलं नाही. थोड्या वेळाने माझ्या पदरातूनच म्हणाली, "ते वेळापत्रक काढशील?" मी उठून काढलं. चिकटपट्टीबरोबर कपाटाच्या दाराचा रंग चार ठिकाणी निघाला. तो आजही तसाच आहे, मी रंगारी आले तरी त्या दाराला हात लावू दिला नाही.

तिचं वर्ष वाया गेलं, असं नातेवाईक म्हणाले. तिने अकरावी पुन्हा केली, सायन्स सोडून. औषधं पावणेदोन वर्षं चालली. मधे दोनदा तिची तब्येत पुन्हा खालावली, दोन्ही वेळा आम्हाला लगेच कळलं, कारण आम्ही विचारत होतो. लग्न होऊन ऑस्ट्रेलियाला जायला निघाली तेव्हा तिने ती फाईल मागितली. पेनाने "त्वचा" खोडलं. त्या जागी काहीच लिहिलं नाही. नुसतं "मंजिरी" राहिलं.

ती गेल्यावर मी एकदा सुमनताईंना विचारलं, तुम्हाला हे कुठून येत होतं? त्यांनी आधी कप विसळून ठेवले. मग म्हणाल्या, त्यांचा धाकटा भाऊ होता, सतरा वर्षांचा. गप्प गप्प असायचा. "आम्ही नाही विचारलं." मी म्हणाले, पण तुमच्या घरात तर तथास्तु म्हणणारं... "वास्तू नव्हती," त्या म्हणाल्या. "पण लोक काय म्हणतील, हे होतंच की. ती आमची वास्तू." पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही काढला नाही, पण मंजूच्या वेळी त्यांचा हात का हलत होता ते मला त्या दिवशी कळलं.

तुमचे आजोबा गेले त्या वर्षी सुमनताई चिखलोलीहून रिक्षाने येत, तेव्हा त्या प्रशांतकडे राहायला गेल्या होत्या. एका दुपारी लसूण सोलताना त्यांनी तो प्रश्न मलाही विचारला, पासष्टीच्या पुढच्या बाईला. मी सांगितलं जे होतं ते. "बरं," त्या म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या.

आमची शेवटची भेट त्या जायच्या दहा दिवस आधीची. त्यांच्या किडन्या थकल्या होत्या, पाय सुजले होते, पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं. जन्मभर पाणी तपासलेल्या बाईला घोट मोजून पाणी. मी त्यांच्या बाजूला पलंगावर बसले, समोर नाही, आणि विचारलं, "सुमनताई, कंटाळा आला का जगायचा?" त्या हसल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. "आता मला विचारताय होय? शिकलात म्हणायच्या." मग श्वास सावरून म्हणाल्या, "नाही आला. तहान लागते फक्त."

जलदानाच्या दिवशी सगळे पांगल्यावर प्रशांत म्हणाला, "काकू, आईचं काही हवं का तुम्हाला?" मी परात मागितली. त्याला वाटलं असावं, बाई विचित्रच. ॲल्युमिनियमची जुनी परात, एका कडेला चेपलेली. वर्तमानपत्रात गुंडाळून दिली त्याने.

इरा, आता तुझ्याबद्दल. हा लेख तुझ्या आईने तुला आधी वाचून दाखवला. त्यातली दोन वाक्यं तू काढायला सांगितलीस, ती मी काढली आहेत. पण ती कुठे होती तेवढं सांगायला तू हो म्हणालीस.

तीन आठवड्यांपूर्वीचा शनिवार, दुपारचे दोन. तुमच्याकडे संध्याकाळ. मी टेबलावर परात घेतली, फोन तुरीच्या बरणीला टेकवून ठेवला, पण समोर नाही, बाजूला. "आजी, तू दिसत नाहीयेस. फक्त हात दिसतोय," तू म्हणालीस. मी म्हणाले, असू दे, मी इथेच आहे. दहा-बारा पाकळ्या तू नुसती बघत राहिलीस. मग आपणहून एक वाक्य बोललीस. तेच काढलेलं पहिलं वाक्य. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी तुझी आई कपड्यांच्या घड्यांमागून जे म्हणाली, त्याच्या फार जवळचं होतं ते. आणि मी सांगते, इतकं सगळं होऊनसुद्धा माझ्या आईचं वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं. अभद्र बोलू... मी एक पाकळी सोलली. दुसरी घेतली. आणि तुला तो प्रश्न विचारला, इंग्रजीत. या वेळी शोभिवंत नाही, पाच-सहा साध्या शब्दांत. तुझ्या आईला मी इंग्रजीत विचारलं तेव्हा मी लपत होते. तुला लपायला मराठी आहे, "ठीक आहे, आजी." म्हणून तुझ्या भाषेत विचारलं.

मी आणखी चार पाकळ्या सोलल्या. मी फोनकडे पाहिलं नाही. मग तू उत्तर दिलंस. ते दुसरं वाक्य. ते तुझं आहे, तुझ्याकडेच राहू दे.

"बरं," मी म्हणाले. "सांगितलंस, बरं केलंस. आता आईला हाक मार, तिघी मिळून बोलू." तुझी आई आली. तुझ्या मागे उभी न राहता शेजारी बसली, हे मला आवाजावरून कळलं. सोमवारी तुम्ही डॉक्टरांकडे गेलात, आणि आता दर आठवड्याला जाता.

त्या शनिवारी फोन ठेवताना तू विचारलंस, "आजी, उद्या पण विचारणार?"

"दोन वाजता," मी म्हणाले.

तेव्हापासून रोज दोनला विचारते. तू कधी हो म्हणतेस, कधी नाही. एकदा म्हणालीस, बोर होतं आजी तेच तेच. मी म्हणाले, बरं. चटणी इतकी साठली आहे की सगळ्या इमारतीला वाटून झाली. तुझा फोन बंद झाला की मी परात धुते आणि खिडकीशी पालथी घालते. माझ्या स्वयंपाकघरात लेबल नसलेली ती एकच वस्तू आहे.